पाटी नको, छत बघा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या सहनिवासावरच्या लेखाचं कात्रण आमच्याकडे चार घरांनी जपून ठेवलंय. आम्ही तसेच राहतो म्हणून. मुळशी तालुक्यात बत्तीस कुटुंबांनी मिळून जमीन घेतली, घरं आपापली बांधली आणि मधोमध एक जेवणघर सगळ्यांचं. दुपारचं जेवण रोज तिथे, रात्रीचं ज्याच्या-त्याच्या घरी. एकत्र जेवल्याने म्हातारपणचा एकटेपणा जातो, असं लेखात म्हटलंय. ते खरंच आहे. पण आमच्याकडच्या एका बाई एकट्या पडल्या त्या ह्याच जेवणघरात बसून, आणि तेवढंच सांगायला हे पत्र लिहितेय.

त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो. वय ब्याऐंशी. पहिल्या वर्षी आक्कांच्या टेबलाशी जागा मिळायची नाही. कोकणातल्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगायच्या, पोरंसुद्धा ताट घेऊन तिथे येऊन बसायची. मग हळूहळू त्या कमी बोलायला लागल्या. नुसतं हसायच्या आणि मान हलवायच्या. एका दुपारी समोरच्या बाईंनी त्यांना सांगितलं, "नातवाचा पाय मोडला हो." आक्कांनी ऐकलं, "पाया पडला." म्हणाल्या, "गुणाचा आहे हो पोर, असंच वळण हवं." टेबल हसलं. सांगणाऱ्या बाई हसल्या नाहीत. आणि काहीतरी चुकलंय एवढं आक्कांना कळलं, काय चुकलं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा घरी जायला लागला. कोणी विचारलं की म्हणायच्या, "गुडघे दुखतात."

गुडघे नाहीत, कान, हे मला माहीत होतं. मी ३८ वर्षं कानांवर पोट भरलं आहे. डाक-तार खात्यात ट्रंक ऑपरेटर, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून देणारी, म्हणून लागले ती १९७१ साली. मग खात्याचे दोन तुकडे झाले, पुढे बीएसएनएल झालं, मी आपली हेडसेट लावून बसलेलीच. नव्या मुलींना सांगून खरं वाटत नाही, पण एका हॉलमध्ये आम्ही तीसेक जणी एकाच वेळी बोलत असायचो. एक नागपूर मागतेय, एक सोलापूरला ओरडतेय, कुणाचा लाइटनिंग कॉल (सगळ्यांत तातडीचा), कुणाचा पी. पी. (ठरावीक माणसालाच जोडायचा). नाव कळलं नाही की फोड करून सांगायचं, 'व' वर्ध्याचा, 'ब' बडोद्याचा. इतक्या बायका बोलत असूनही शेजारणीचा शब्द माझ्या कॉलमध्ये घुसत नसे. लागले तेव्हा मला वाटायचं, ही आमची शिस्त. एकदा दुपारी वीज गेली तेव्हा सुपरवायझरबाईंनी वर बोट दाखवलं. छताला आणि अर्ध्या भिंतींना बारीक भोकाभोकांचे मऊ तक्ते ठोकलेले होते. म्हणाल्या, "शिस्त वगैरे काही नाही गं, आपला आवाज ते छत खातं."

आमच्या जेवणघराचं छत काहीही खात नाही. वास्तू दिसायला देखणी आहे, त्यात वाद नाही. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, दरीच्या बाजूला जमिनीपासून वरपर्यंत काच, वाढपाच्या कट्ट्याला ग्रॅनाइट, वर सपाट स्लॅब आणि त्याला ऑइलपेंट, का, तर फोडणीचे डाग पुसता यावेत. ताटं-वाट्या स्टीलच्या. खुर्च्या लोखंडी पायांच्या. आवाज सांडला तर शोषून घ्यायला एक पायपुसणंसुद्धा नाही.

माझ्या लहानपणीच्या पंगती आठवून बघितल्या. माणसं इथल्यापेक्षा जास्त, पोरं जास्त, वाढपी ओरडून विचारणार, "कुणाला मठ्ठा?" तरी शेजारच्या मावशीचं बोलणं कळायचं. कारण बसायला सारवलेलं अंगण, वर कापडी मांडव, पुढ्यात पत्रावळ. पत्रावळीवर वाटी आपटली तरी काय वाजणार? उरलेला गलका सरळ आभाळात जायचा. आता आभाळाच्या जागी स्लॅब आली आणि आम्ही म्हणतो, माणसं फार बोलायला लागली.

आमच्या समितीनेही तेच म्हटलं. गेल्या वर्षी आधी 'कृपया शांतता राखा' अशी पाटी लागली. मग एक पितळी घंटा आली, गोंगाट वाढला की वाढपाच्या कट्ट्यावरून वाजवायची. त्या घंटेने पहिल्याच दिवशी आमच्या यजमानांच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. (ह्यांनी त्यावर सोपा उपाय काढलाय. यंत्र काढून खिशात ठेवतात आणि तंद्रीत जेवतात. त्यांचं जेवण शांतपणे होतं, माझं होत नाही.) त्यानंतर मंगळवारी मौन जेवण ठरलं. तीन मंगळवार पाळलं. चौथ्या मंगळवारी अकरा माणसं जेवायला आली, बाकीच्यांनी घरी खिचडी टाकली. आता, बत्तीस घरांनी आयुष्याची पुंजी घालून एकत्र बोलता यावं म्हणून जे घर बांधलं, तिथे बोलू नका म्हणून पाटी लावायची, ह्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही?

सगळ्यात वाईट म्हणजे पाटीला आरोपी लागतो. तो लहान मुलांच्या रूपाने आयता मिळाला. म्हाताऱ्यांचा एक पक्ष आणि आयांचा एक पक्ष पडला. एका तरुण आईने चार वर्षांच्या मुलीला घेऊन यायचं बंद केलं. जाताना मला म्हणाली, "काकू, ती हसली तरी चार माना वळतात हो." म्हणजे जेवणघराने एका बाजूने ब्याऐंशी वर्षांची बाई घालवली आणि दुसऱ्या बाजूने चार वर्षांची.

मला राग आला की मी मोजायला बसते, ही खात्याची सवय. नातीने मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप टाकून दिलं. मोबाइलचं मोजमाप अगदी नेमकं नसतं हे मला ठाऊक आहे, पण चढउतार कळतो. आठवडाभर एकाच खुर्चीवर बसून वहीत आकडे मांडले. पावणेएकला आठ माणसं, आकडा ६० च्या आसपास. सव्वाला चाळीस माणसं, आकडा ७८, मधूनच ८०. माणसं पाचपट झाली की आवाज सात डेसिबलने (हे आवाजाचं माप) वाढायला हवा, असा हिशोब आहे. म्हणजे ६७. वरचे अकरा कुठून आले?

ह्याचं उत्तर एका फ्रेंच डॉक्टरने १९११ साली देऊन ठेवलंय, एटिएन लोंबार त्याचं नाव. कानावर गोंगाट पडायला लागला की माणूस नकळत आवाज चढवतो. ठरवून नाही, आपोआप. मंडईत शिरलेलं माणूस बायकोशीही मंडईच्या पट्टीत बोलतं, तसं. आमच्याकडे पहिलं टेबल बोलतं, तो आवाज स्लॅबवर आपटून दुसऱ्या टेबलावर येतो, दुसरं टेबल चढतं, त्याने पहिलं आणखी चढतं. वीस मिनिटांत सगळे ओरडत असतात आणि प्रत्येकाला वाटतं की ओरडतोय तो दुसराच. ह्यात बेशिस्त कुणाची शोधायची?

आमच्या पलीकडच्या घरात पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर राहतात, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. वही घेऊन त्यांच्याकडे गेले. ते चहा तसाच सोडून उठले, रिकाम्या जेवणघराच्या मधोमध उभे राहिले आणि टाळी वाजवली. टाळी संपली, तिचा आवाज संपेना. भाऊंनी आठवड्याच्या मेनूच्या कागदामागे गणित मांडलं. खोली १५ मीटर लांब, ९ रुंद, ३.३ उंच. घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीत आवाज शोषणारं जे काही असेल त्याच्या बेरजेने भागायचं. आवाज विरायला किती सेकंद लागतील ते मिळतं. हे सूत्र हार्वर्डच्या वॉलेस सॅबिनचं. तिथल्या एका नव्या व्याख्यान-दालनात प्राध्यापकांचं बोलणं कळेना म्हणून १८९५ साली हे काम त्या तरुण शिक्षकावर पडलं. त्याने दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, अंथरायच्या, मोजायचं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या, असं कितीतरी रात्री केलं. मला ही गोष्ट फार आवडली. आमची खोली रिकामी असताना साडेतीन सेकंदांच्या घरात निघाली, चाळीस माणसं बसली की दोनच्या आसपास, कारण माणूस स्वतःही थोडा आवाज पितो. भाऊ म्हणाले, जेवणघराला एका सेकंदाच्या आत आणायला हवं.

दोन सेकंद म्हणजे काय, ते म्हाताऱ्या कानाला विचारा. वय झालं की कान आधी वरच्या पट्टीचे आवाज सोडतो. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, ट, थ निसटतात. 'आ' 'ओ' 'आ' आला एवढं कळतं, मधली व्यंजनं आपण अंदाजाने भरायची. त्यातून खोली घुमणारी असली की मागच्या अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर पडतं. पाय मोडला की पाया पडला, हे आक्कांनी कसं ओळखावं? कानातलं यंत्र सगळंच मोठं करतं, शेपूटसुद्धा. म्हणून "मशीन लावा की" हे आक्कांना सांगणाऱ्यांना मी हात जोडते.

आधी फुकटचे उपाय केले. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट बसवले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि अर्ध्या खुर्च्यांना कापलेले जुने टेनिस चेंडू. दिसतं विनोदी, पण खुर्ची सरकवल्याची ती किंकाळी गेली. खरकटी ताटं टाकायच्या टबात रबरी चटई घातली. चटणीचा मिक्सर साडेअकराच्या आत आटपायचा, असं स्वयंपाकाच्या मावशींशी ठरवलं. त्या म्हणाल्या, "मला कधी विचारलंच नव्हतं कुणी, मला पण त्याचा त्रासच आहे." घासायच्या मोरीचं दार आपोआप बंद व्हायची स्प्रिंग लावली. कोपऱ्यातला टीव्ही, जो कुणीच बघत नव्हतं आणि बंदही करत नव्हतं, तो वाचनालयात गेला. दहा माणसांची रुंद टेबलं सोडवून सहा-सहांची केली. समोरच्या माणसाचं तोंड जितकं जवळ तितकं हळू बोलून चालतं, अंतर निम्मं झालं की सहा डेसिबलची सोय होते. आमच्या खात्यात माउथपीस ओठांशी का असायचा ते उगाच नाही.

मग गोधड्या. सॅबिनच्या गाद्या ऐकल्यावर मला राहवेना. घरोघर फिरून चौदा गोधड्या गोळा केल्या, नऊवारी लुगड्यांच्या, जड, शिवणीने शिवण भरलेल्या. भाऊंनी आणि दोन कॉलेजच्या पोरांनी त्या भिंतींना दोऱ्यांवर टांगल्या. त्या दुपारी पोळ्या वाढताना एक आजोबा म्हणाले, "आज माणसं कमी आहेत का?" माणसं बेचाळीस होती, मी मोजली होती. आठवडा झकास गेला. आठव्या दिवशी माझ्या सासूबाईंच्या गोधडीला कांद्याच्या फोडणीचा असा वास मारायला लागला की ती तीनदा धुवावी लागली. स्वयंपाकाच्या वाफेत कापड टिकत नाही, हे आम्हाला अनुभवातून कळलं. पण तोवर ज्यांना गणित पटत नव्हतं त्यांना कानांनी पटलं होतं.

काय लावायचं हे मी आधी पाहिलेलं होतं. भाची कोपनहेगनजवळ अशाच वस्तीत राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे महिनाभर होते. ह्या प्रकाराचं मूळ डेन्मार्कचंच. १९६७ साली बोडिल ग्रो नावाच्या बाईंनी तिथल्या 'पॉलिटिकेन' ह्या दैनिकात, मुलांना एकाच वेळी शंभर आईबाप असावेत, असा लेख लिहिला. तो वाचून माणसं जमली आणि १९७२ साली सेटेडामेन ही वस्ती उभी राहिली. (वर्तमानपत्रातल्या मजकुराने असं होऊ शकतं, म्हणून तर तुम्हाला लिहितेय, संपादकमहाराज.) भाचीच्या वस्तीतही संध्याकाळी साठेक माणसं एकत्र जेवतात. मी सवयीने वर बघितलं. छताला आपल्या वाळवलेल्या शेवयांच्या गठ्ठ्यासारखे तक्ते! लाकडाच्या बारीक शेवया सिमेंटात कालवून, दाबून केलेले. त्यांच्याकडे शाळा, पोहण्याचे तलाव, सगळीकडे हेच असतं म्हणे. आणि जेवणाच्या खोलीला लागून एक उशांची खोली. पोरांचं जेवण झालं की ती तिकडे पळतात, उशांवर उड्या मारतात, आईबापांना काचेतून दिसतात, आवाज मात्र तिकडेच राहतो. कुणी कुणाला गप्प बस म्हणालेलं मी महिनाभरात ऐकलं नाही.

तेच तक्ते आमच्या छताला लावायचे ठरवले, ६० चौरस मीटर. भाऊंच्या हिशोबाने खोली पाऊण सेकंदाच्या जरा वर येत होती. ठेकेदाराने १ लाख ३८ हजार सांगितले. घरटी ४,३०० रुपयांच्या आसपास. ह्यावर सर्वसाधारण सभेत अडीच तास चर्चा झाली. ज्या सभेत प्रवेशद्वाराच्या दिव्यांना ह्याहून जास्त रक्कम दहा मिनिटांत मंजूर झाली, तीच ही सभा. दिवे दिसतात. छताला लावलेले तक्ते कोणाला दाखवणार? एक गृहस्थ म्हणाले, "कायद्याच्या कक्षेतच येत नाही आपला आवाज, मग खर्च कशाला?" २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेत, ते बाहेरच्या आवाजासाठी. आपल्याच जेवणघरात आपणच केलेल्या गोंगाटाला पोलीस येणार नाहीत, हे बरोबर. पण २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आठव्या भागात ध्वनीचा एक अख्खा विभाग आहे, भाऊंनी तो सभेत काढून ठेवला. आमच्या वास्तुरचनाकारांना मी नंतर विचारलं, तेव्हा हे डोक्यात आलं नव्हतं का? भला माणूस, खरं बोलला. म्हणाला, "काकू, तुम्ही बत्तीस जणांनी व्ह्यू मागितला होता, कुणी ऐकू येणं मागितलं नव्हतं."

पुण्याच्या आसपास आता अशा वस्त्या आणि ज्येष्ठांचे प्रकल्प किती निघताहेत ते तुमच्याच पानांवरच्या जाहिरातींतून दिसतं. प्रत्येकात 'कॉमन डायनिंग' असतंच. घर घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की नमुना फ्लॅट बघून झाला की जेवणघरात जा आणि मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी रेंगाळली तर तिथल्या तिथे छताचं काय करणार ते विचारा आणि करारात लिहून घ्या. बांधतानाच हे केलं तर गिलावा आणि ऑइलपेंटाचा पैसा वाचून थोडा खर्च त्यातच भागतो, आमच्यासारखी नंतर टेबलांवर पाट ठेवून कसरत करावी लागत नाही.

तक्ते लागले त्याला आता सहा आठवडे झाले. सगळं छान झालं असं लिहिणार नाही. काचेची बाजू अजून घुमते. पुरणपोळीच्या दिवशी पाहुणे आले की वहीतला आकडा अजून ७३ ला जातो. घंटा कट्ट्यावर तशीच आहे, कुणी वाजवत नाही. पाटी काढायचा ठराव सभेच्या पुढच्या विषयपत्रिकेवर आहे, तिथेही अडीच तास लागतील. ती चार वर्षांची मुलगी यायला लागलीय. वाचनालयाच्या कोपऱ्यात उशा टाकायचं चाललंय, पण टीव्हीवाल्यांचा त्याला विरोध आहे.

आक्का परवा आल्या. साडेबाराला, गर्दीच्या आधी. मी त्यांना भिंतीला पाठ करून बसवलं, म्हणजे मागून आवाज येत नाही आणि समोरच्याचं तोंड दिसतं. पाय मोडलेला नातू प्लास्टर काढून आला होता, तो शेजारी बसला. आक्कांनी त्याला विचारलं, "पाय कसा आहे रे?" तो बोलत होता तोवर त्यांनी त्याच्या ओठांवरची नजर हलवली नाही. जेवण अर्ध्या तासात झालं. डबा त्यांनी सोबत आणला होता, रिकामा, टेबलावर हाताशी ठेवलेला, वेळ पडलीच तर भरून घरी न्यायला.

आपली,
एक निवृत्त ट्रंक ऑपरेटर
ता. मुळशी, जि. पुणे

(शेजाऱ्यांच्या गोष्टी लिहिल्या आहेत, तेव्हा नाव-पत्ता छापू नये ही विनंती. उद्या दुपारी मला त्यांच्याच टेबलावर जेवायचं आहे.)